बारस्टोला नुसतं पेट्रोल भरून पुढे जायचं का? वाळवंटातलं एक रेल्वेगाव आणि त्याचे रस्ते

तापीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला राहतो. डिसेंबरात आई-आप्पा येतायत आणि त्यांना गाडीने ग्रँड कॅन्यनला न्यायचं ठरलंय. आप्पा मध्य रेल्वेत गार्ड होते, जवळजवळ सगळी नोकरी भुसावळला. दरी ते बघतीलच, पण वाटेत त्यांना इथली रेल्वेही दाखवावी असं मला फार वाटतंय.

गेल्या ११ वर्षांत लास व्हेगस किंवा ॲरिझोनाला जाताना आम्ही बारस्टोला वीसेक वेळा तरी थांबलो असू. दर वेळी तेच. पेट्रोल, स्वच्छतागृह, कॉफी आणि परत हायवे. मागच्या महिन्यात गाडी बिघडली आणि चार तास तिथेच बसावं लागलं. तेव्हा पहिल्यांदा मेन स्ट्रीटवरून पायी हिंडले. एका चढावरून सहज उत्तरेकडे पाहिलं तर खाली रूळच रूळ! नजर जाईल तिथपर्यंत मालगाडीच्या वाघिणी उभ्या. मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले, मला ते दृश्य परकं वाटेना. इतक्या वेळा आले आणि हे कधी दिसलं कसं नाही, याची चुटपुट लागली.

तर दोन प्रश्न. एक, हे गाव नक्की कशामुळे आहे? नवऱ्याचं म्हणणं, हायवेमुळे, कारण हायवे नसता तर तिथे कुणी थांबलंच नसतं. मी म्हणते रेल्वेमुळे. दोन, ७६ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या पण गाडी दिसली की सगळं विसरणाऱ्या माणसाला तिथे काय काय दाखवता येईल?

शिळोप्याची ओटी

नवरा-बायकोच्या वादात पडू नये म्हणतात, पण रेल्वेचं नाव निघालंय म्हणून पडतो. ताई, मी तुमच्या बाजूने.

रूळवेडा

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. बारस्टो माझा अत्यंत आवडता विषय आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

आधी चांदी आली. १८८१ मध्ये जवळच्या कॅलिकोच्या डोंगरात चांदी सापडली. खाणींची गावं उभी राहिली आणि माल न्यायला रेल्वे हवी झाली. त्याच सुमारास सदर्न पॅसिफिक या बलाढ्य कंपनीने मोहावी गावापासून कोलोरॅडो नदीवरच्या नीडल्सपर्यंत रूळ टाकले, १८८२-८३ मध्ये. हेतू वाळवंटाची सेवा करण्याचा नव्हता. पूर्वेकडून अटलांटिक अँड पॅसिफिक कंपनीची लाईन येत होती, तिला कॅलिफोर्नियाच्या दारातच अडवायचं होतं. ते काही जमलं नाही, आणि १८८४ मध्ये हीच लाईन भाड्याने सांता फे या प्रतिस्पर्धी रेल्वेकंपनीच्या गोटात गेली.

त्या वेळी या जागेचं नाव वॉटरमन जंक्शन. रॉबर्ट वॉटरमन या खाणमालकाचं नाव, जो पुढे १८८७ मध्ये राज्याचा गव्हर्नर झाला. १८८५ च्या नोव्हेंबरात सॅन डिएगोकडून कॅलिफोर्निया सदर्नची लाईन कॅहोन घाट चढून इथे येऊन मिळाली आणि गाव खऱ्या अर्थाने जंक्शन झालं. १८८६ मध्ये सांता फेचे अध्यक्ष विल्यम बारस्टो स्ट्राँग यांच्यावरून नाव ठेवलं. कॅन्ससमध्ये त्यांच्या आडनावाचं स्ट्राँग सिटी आधीपासून होतं, इथे मधलं नाव वापरलं.

या जोडणीचा परिणाम केवढा, ते बघा. लॉस एंजेलिसला पोचायला आता दोन स्पर्धक कंपन्या झाल्या. भाडेयुद्ध पेटलं आणि मार्च १८८७ मध्ये कॅन्सस सिटी ते लॉस एंजेलिस तिकीट एक दिवस १ डॉलरवर आलं! माणसांचे लोंढे आले, जमिनींचे भाव चढले. आज दिसणाऱ्या दक्षिण कॅलिफोर्नियाची सुरुवात त्या लोंढ्यात आहे, आणि तो बारस्टोच्या सांध्यावरून आला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कासा देल देसिएर्तो. स्पॅनिशमध्ये 'वाळवंटातलं घर'. फ्रेड हार्वीच्या उपाहारगृह-साखळीतलं हॉटेल आणि स्टेशन एकाच इमारतीत. पहिलं १८८५ चं, ते १९०८ मध्ये जळालं. आत्ताची वास्तू १९११ ची. जेवणाचे डबे जोडायच्या आधीच्या काळात गाडी थांबली की उतारूंनी धावत इथे यायचं आणि काळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या 'हार्वी गर्ल्स'नी गाडी सुटायच्या आत गरम जेवण वाढायचं. १९९२ च्या लँडर्स भूकंपात इमारतीचं बरंच नुकसान झालं, पुढे ती दुरुस्त केली. आता तिथे रेल्वेचं संग्रहालय आणि रूट ६६ या जुन्या महामार्गाचं संग्रहालय, दोन्ही आहेत. आवारात जुनी इंजिनं-डबे उभे आहेत. आप्पांना तिथून लवकर हलवता येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

लाल डबा

वाचनखूण साठवली. रूळवेडा भाऊ, यावर स्वतंत्र लेख लिहा.

मैलाचा दगड

रूळवेडा यांचा प्रतिसाद सुंदर, पण मी धागाकर्तीच्या यजमानांची बाजू घेणार. गाव जन्माला घातलं रेल्वेने, हे मान्य. जगवलं रस्त्याने.

पुरावा नकाशातच आहे. बारस्टोच्या पूर्वेला त्याच रुळांवर लडलो, बॅगडाद, ॲम्बॉय, एसेक्स ही गावं होती. रेल्वे त्या रस्त्याला आजही दिवसरात्र धावते. मग ती गावं ओस का पडली? रूट ६६ ची घोषणा ११ नोव्हेंबर १९२६ ला झाली. शिकागोपासून सांता मोनिकापर्यंत, सुमारे २,४४८ मैल. बारस्टोचा मेन स्ट्रीट म्हणजे तोच रस्ता. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या राज्यांत धुळीची वादळं आणि दुष्काळ यांनी शेती उद्ध्वस्त झाली, तेव्हा गाद्या-भांडी टपावर बांधून लाखो माणसं याच रस्त्याने आली. पुढे सुट्टीवर निघालेली कुटुंबं आली. त्यांच्यासाठी मोटेल, गॅरेज, खानावळी उभ्या राहिल्या. मग १९७३ मध्ये आय-४० चा नवा रस्ता डोंगरातून सरळ गेला आणि ॲम्बॉयकडची वर्दळ थांबली. पेट्रोलपंप चालवणाऱ्याच्या पोटावर असा पाय येतो. १९८५ मध्ये रूट ६६ हा क्रमांकही अधिकृत यादीतून गेला.

बारस्टो वाचलं, कारण आय-१५ आणि आय-४० इथेच एकमेकांना मिळतात. आय-४० चा उगमच तिथे आहे. सुरुवातीला पाटी दिसेल: विल्मिंग्टन, नॉर्थ कॅरोलायना, २,५५४ मैल. माझ्यासाठी तो तीर्थाचा दगड आहे. दुसऱ्या टोकाला विल्मिंग्टनला 'बारस्टो २,५५४ मैल' अशी पाटी होती. ती लोकांनी इतक्या वेळा चोरली की शेवटी परत लावणंच बंद केलं. शिवाय बेकर्सफील्डकडून येणारा ५८ क्रमांकाचा रस्ता इथेच येऊन मिळतो. लॉस एंजेलिसपासून दोन तास, व्हेगसपासून अडीच. ही जागा चुकवून जाणं अवघड आहे.

पाणवठा

दोघांच्याही मुद्द्यांत तथ्य आहे, पण दोघांनी एक गोष्ट वगळली. नकाशावर रूळ आणि रस्ता, दोन्हींच्या शेजारी एक निळी तुटक रेघ आहे. मोहावी नदी.

ही नदी सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरात उगम पावते आणि समुद्राकडे न जाता उलट उत्तरेला, वाळवंटात शिरते. बहुतेक ठिकाणी तिचं पात्र कोरडं असतं, कारण ती वाळूखालून वाहते. जिथे खालचा कातळ वर येतो तिथेच पाणी वर दिसतं, व्हिक्टरव्हिलच्या खिंडीत आणि पुढे ॲफ्टन कॅन्यनमध्ये. शेवटी बेकरजवळच्या सोडा लेकच्या खाऱ्या पटांगणात ती संपते. पात्रात थोडं खणलं की पाणी, हे इथल्या मूळच्या वान्यूमे लोकांना माहीत होतं. त्यांच्या वस्त्या या काठाने होत्या. कोलोरॅडोकाठचे मोहावी लोक याच वाटेने किनाऱ्यापर्यंत व्यापाराला जायचे. १८२६ मध्ये जेडेडाया स्मिथ हा शोधप्रवासी त्यांच्याच पायवाटेने आला आणि नदी मध्येच लुप्त होते म्हणून तिला 'चंचल नदी' म्हणाला. मग खेचरांचे तांडे, बैलगाड्या, रूळ, डांबर. सगळे एकामागोमाग एक, पाण्याला धरून.

मैलाचा दगड, ॲम्बॉयकडची गावं ओस पडण्याची सुरुवात १९७३ च्या आधीची आहे. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागायचं. तिथलं पाणी एक तर नव्हतंच, किंवा खारं. सांता फे टाक्यांच्या गाड्या भरून न्यूबेरीच्या झऱ्यांचं पाणी पुढच्या स्टेशनांना पोचवायची. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती आठवा, इथे तसं वर्षानुवर्षं चाललं होतं. बॅगडादला तर ३ ऑक्टोबर १९१२ ते ८ नोव्हेंबर १९१४, सलग ७६७ दिवस, पावसाचा थेंब नाही. अमेरिकेतला तो विक्रम आहे. म्हणूनच सांता फेने १९४१ च्या सुमारास मालगाड्यांना डिझेल इंजिनं फार लवकर जोडली. डिझेल आलं, पाण्याचे थांबे संपले, थांब्यावरची माणसं गेली. रस्त्याने उरलंसुरलं नेलं.

म्हणजे बारस्टो कशामुळे? पाण्यामुळे.

शिळोप्याची ओटी

आता यजमान, ताई आणि नदी असा तिहेरी सामना झाला. मी पॉपकॉर्न आणतो.

गोडा मसाला

मोठ्या विषयात माझा लहानसा अनुभव. काही वर्षांपूर्वी ॲरिझोनातल्या नणंदेकडून कढीपत्त्याचं रोप घेऊन परत येत होते. चांगलं हातभर वाढलेलं, कुंडीसकट, मांडीवर धरून. राज्याच्या हद्दीवरच्या शेतमाल तपासणी नाक्यावर ते काढून घेतलं. खूप वाईट वाटलं, पण तिथल्या बाईंनी नीट समजावलं. संत्र्या-लिंबांच्या बागा मारणारा रोग ज्या किडीमुळे पसरतो, ती कढीपत्त्यावर आवडीने राहते. घरी येऊन वाचलं तर खरंच तसं होतं. तेव्हापासून रोप इथल्याच नर्सरीतून घेते.

हे सांगायचं कारण, असाच नाका पूर्वी रूट ६६ वर डॅगेटला होता, बारस्टोच्या अलीकडे. दुष्काळातून आलेल्या त्या कुटुंबांच्या गाड्याही तिथे थांबवून फळं-रोपं तपासायचे. मी एका रोपासाठी हळहळले. सगळं घरदार टपावर बांधून आलेल्या बायकांचं त्या रांगेत काय झालं असेल, हे तिथून जाताना दर वेळी मनात येतं.

आणि मुलांसाठी गंमत: बारस्टोच्या पूर्वेला रेल्वेने स्टेशनांची नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ठेवली होती. ॲम्बॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी, एसेक्स, फेनर, गॉफ्स... पुढे होमर, आयबिस आणि जावासुद्धा! आमच्या मुलीने गाडीत या क्रमाने महाराष्ट्रातली स्टेशनं लावायचा खेळ काढला. अकोला, बडनेरा, चाळीसगाव, दौंड. 'ई'ला सगळे अडलो.

लाल डबा

'ई'ला इगतपुरी घ्या. स्पेलिंग बघायला कोण बसलंय!

निवडुंग

मी बारस्टोत सहा वर्षं काढली आहेत, नोकरीनिमित्त. कायम जाता-येता बघणाऱ्यांना जे दिसत नाही ते थोडं लिहिते.

हे कष्टकऱ्यांचं गाव आहे. लोकसंख्या २५ हजारांच्या आसपास. नवरा रेल्वेत, बायको नौदल-मरीनच्या डेपोत, मुलगा हायवेवरच्या खानावळीत, अशी घरं मी शेजारी पाहिली. मरीन कोअरचा मालसाठ्याचा तळ १९४२ पासून आहे आणि उत्तरेला फोर्ट अर्विन हे लष्कराचं प्रचंड प्रशिक्षण केंद्र. म्हणजे रेल्वे, रस्ता, पाणी यांत चौथा वाटेकरी लष्कर. रणगाडे रेल्वेनेच येतात.

मूळ गाव रुळांच्या अगदी अंगाला होतं. यार्डाला जागा कमी पडायला लागली तेव्हा १९२० च्या दशकात बाजारपेठ उचलून दक्षिणेच्या चढावर नेली. धागाकर्तीने ज्या चढावरून खाली रूळ पाहिले, ते मेन स्ट्रीटचं गाव म्हणजे हे हललेलं गाव. कासा देल देसिएर्तो मात्र जुन्या जागीच राहिलं. म्हणून ते आज गावापासून तुटल्यासारखं, यार्डापलीकडे एकटं दिसतं. पूल ओलांडून जावं लागतं, आणि हायवेवरून येणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पाट्यांवर फारशी नसते. १८८० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या लगूना प्वेब्लो या मूळनिवासी लोकांच्या जमिनीतून रूळ न्यायचे होते. तेव्हा रेल्वेशी त्यांचा तोंडी करार झाला: आमच्या जमिनीतून जा, बदल्यात आमच्या माणसांना काम द्या. त्या शब्दावर लगूना कुटुंबं रेल्वेबरोबर पश्चिमेला आली. विन्स्लो, बारस्टो, थेट रिचमंडपर्यंत त्यांच्या वसाहती होत्या. काही तर मालडब्यांचीच घरं करून राहिले, तिथेच सणवार, तिथेच नाच. करार पाळला जातोय ना, याची आठवण दर वर्षी करून द्यायची, याला ते 'फुलाला पाणी घालणं' म्हणत. माझ्या शेजारच्या आजींकडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

रात्री यार्डातून डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज येतो. पहिले दोन महिने झोप लागली नाही. गाव सोडल्यावर दोन महिने त्या आवाजाविना झोप लागली नाही.

तापीकाठ

निवडुंग, शेवटची दोन वाक्यं नवऱ्याला वाचून दाखवली. आमच्या क्वार्टरमध्ये शंटिंगचा आवाज थांबला की आई उठून बसायची, काहीतरी झालंय म्हणून.

यार्ड जवळून बघता येतं का? आणि संग्रहालय रोज उघडं असतं का?

निवडुंग

यार्डात जाता येत नाही, खासगी हद्द आहे, आणि कुंपण ओलांडायचा विचारही करू नका. पण स्टेशनाच्या फलाटावरून मुख्य लाईन अगदी समोर दिसते. बसायला बाकं आहेत, आप्पांचे गुडघे सांभाळले जातील. संग्रहालयं स्वयंसेवक चालवतात, बहुधा शनिवार-रविवारच उघडी असतात. निघण्याआधी फोन करा. डिसेंबरात वारा बोचरा असतो. कानटोपी आणि गरम चहाचा थर्मास हवाच.

रूळवेडा

यार्डाबद्दल: १९७६ मध्ये सांता फेने इथे नवं हंप यार्ड सुरू केलं. गाडी एका कृत्रिम उंचवट्यावर ढकलायची, माथ्यावर एकेक वाघीण सोडायची आणि ती उतारावरून आपोआप घरंगळत आपापल्या लाईनीत जाते. वेग आवरायला रुळालगतचे ब्रेक चाकं दाबून धरतात. वर्गीकरणाच्या ४८ लाईनी आहेत. आप्पांनी मुगलसरायचं हंप यार्ड पाहिलं असेल तर लगेच ओळखतील.

आणि जाताना कॅहोन घाट चुकवू नका. मूळ लाईनीचा चढ ३ टक्के, म्हणजे ३३ फुटांना १ फूट. आपला कसारा ते इगतपुरी ३७ ला १. त्यातही कॅहोन तीव्र! १९१३ मध्ये सांता फेने थोड्या लांबच्या वळणाने २.२ टक्क्यांची दुसरी लाईन काढली. कसाऱ्याला बँकर लावतात, तशी इथे पूर्वी मदतीची इंजिनं लावत. आता गाडीच्या मध्ये आणि शेवटी बिनमाणसाची इंजिनं असतात, पुढचा ड्रायव्हर ती रेडिओने चालवतो.

दुर्बीण

थोडं अवांतर, पण आपल्या देशाशी संबंध असलेलं. फोर्ट अर्विनच्या हद्दीत गोल्डस्टोन आहे, नासाचं दूर अंतराळाशी बोलणारं केंद्र. १९५८ पासून. सगळ्यात मोठी तबकडी आता ७० मीटर व्यासाची. डोंगरांच्या वाटीत असल्यामुळे शहरांचा रेडिओ-गोंगाट तिथे पोचत नाही, म्हणून ही जागा निवडली. आपलं मंगळयान निघालं तेव्हा नासाच्या याच जाळ्याने इस्रोला संपर्कासाठी साथ दिली होती. मंगळावरून आलेला संदेश ज्या वाळवंटात उतरायचा, तिथलं सगळ्यात जवळचं गाव बारस्टो. मला तिथून जाताना दर वेळी हात जोडावेसे वाटतात.

मैलाचा दगड

वाह, दुर्बीण. मग एक रस्त्यांचंही अवांतर. १९६३ मध्ये सांता फे, राज्याचं महामार्ग खातं आणि अणुऊर्जा आयोग यांनी मिळून अभ्यास केला होता: बारस्टोच्या पूर्वेच्या ब्रिस्टल डोंगरात २२ अणुस्फोट करून आय-४० आणि रेल्वेसाठी खिंड पाडायची. प्रोजेक्ट कॅरिऑल. प्रत्यक्षात झालं नाही, सुदैवाने. किरणोत्सर्गाची चिंता होती, लांबणही लागत गेली, आणि शेवटी साध्या सुरुंगांनी रस्ता काढला. पुढच्या वेळी त्या घाटातून जाताना मुलांना जरूर सांगा.

पाणवठा, डिझेलचा मुद्दा पटला. मी १९७३ ला सगळं श्रेय देत होतो, ते चूक होतं.

पाणवठा

मोठ्या मनाने लिहिलंत. पाण्याचं भांडण मात्र संपलेलं नाही. वरच्या अंगाला व्हिक्टरव्हिलकडची वस्ती वाढली, उपसा वाढला आणि खाली बारस्टोपर्यंत पाणी पोचेना. १९९० मध्ये बारस्टो शहराने त्याविरुद्ध दावा लावला. तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २००० मध्ये निकाल लागला. आजही कुणी किती उपसायचं हे हिशेबाने ठरतं. आपल्याकडे वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून जे चालतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजावायला नको.

निवडुंग

आणि आता गावापुढे नवा प्रश्न आहे. २०२२ मध्ये बीएनएसएफने, म्हणजे सांता फेच्या वारसदार कंपनीने, बारस्टोच्या पश्चिमेला सुमारे ४,५०० एकरांवर मालवाहतुकीचं केंद्र जाहीर केलं. खर्च दीड अब्ज डॉलर. बंदरातले कंटेनर थेट रेल्वेने इथे आणायचे, इथे गोदामांत फोडायचे आणि पुढे पाठवायचे. माझ्या तिथल्या मैत्रिणींत दोन तट आहेत. एकीचा मुलगा नोकरीसाठी गाव सोडणार होता, तो थांबलाय. दुसरीला ट्रकचा धूर आणि पाणी यांची धास्ती आहे. मला दोघींचं पटतं, पण गावात तरुण राहावेत ही इच्छा जड ठरते.

दुसरीकडे व्हेगसला जाणारी नवी वेगवान रेल्वे. २०२४ मध्ये तिचं भूमिपूजन झालं. ती आय-१५ च्या मधल्या पट्ट्यातून बारस्टोवरून जाणार, पण थांबा नाही. रेल्वेने वसवलेल्या गावात गाडी थांबणार नाही, हे मला मनापासून लागलंय.

रूळवेडा

खरं आहे. आजही उतारूंसाठी तिथे एकच गाडी उरली आहे, शिकागो-लॉस एंजेलिस साउथवेस्ट चीफ, आणि ती दोन्हीकडून रात्रीअपरात्रीच येते.

गोडा मसाला

ताई, मेन स्ट्रीटवर जुनं एल रँचो मोटेल बघा. वाळवंटातली टोनोपा अँड टाइडवॉटर ही बोरॅक्स वाहणारी रेल्वे १९४० मध्ये बंद पडली, तिचे लाकडी स्लीपर वापरून ते बांधलं. आप्पांना स्लीपरची भिंत दाखवा.

मैलाचा दगड

आणि ॲम्बॉयकडून जायचं ठरवलंत तर आधी काउंटीचं संकेतस्थळ बघा. रूट ६६ वरचे जुने लाकडी पूल लोंढ्यांनी खराब झालेत, काही तुकडे बंद असतात.

तापीकाठ

मंडळी, जाऊन आलो! धागा वर काढतेय, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शनिवारी पोचलो. कॅहोन घाटात आप्पांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, एक मालगाडी वर चढत होती. मोजत उभे राहिले. ११८ डबे, त्यावर दुमजली कंटेनर. गाडीत बसल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढा बोजा आणि मागे माणूस नाही?"

तो प्रश्न त्यांनी संग्रहालयापर्यंत सोडला नाही. तिथल्या स्वयंसेवक काकांनी, जे स्वतः सांता फेमध्ये होते, त्यांना आवारातला जुना कॅबूस दाखवला. गाडीच्या शेवटी गार्डाचा डबा असायचा, तो १९८० च्या दशकात गेला. त्याऐवजी आता शेवटच्या डब्याला लाल लुकलुकणारी पेटी लावतात. ती हवेचा दाब पुढच्या इंजिनाला कळवते. मी दुभाषी होते, पण थोड्या वेळाने माझी गरज उरली नाही. व्हॅक्यूम, एअर ब्रेक, सिग्नल, लाईन क्लिअर. दोघांचे शब्द तेच. आप्पांनी कॅबूसच्या खिडकीची चौकट हाताने चाचपली. म्हणाले, "आमच्या ब्रेकव्हॅनला एवढी जाड गादी नव्हती." काका हसले आणि आप्पांना आत बसवून फोटो काढला. तो आता भुसावळच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय.

मग फलाटावर बसलो. आईने थर्मास काढला. वारा निवडुंग म्हणाली तस्साच होता. दोन तासांत सात गाड्या गेल्या. तिसऱ्या गाडीला आप्पा उठून उभे राहिले आणि सवयीने हात वर करून सगळं ठीक असल्याची खूण केली. ड्रायव्हरने भोंगा दिला. त्यानंतर प्रत्येक गाडीला उभे राहिले. गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

स्लीपरचं मोटेल पाहिलं. विल्मिंग्टनची पाटी पाहिली. नवऱ्याने तिथे फोटो काढून घेतला आणि "गाव रेल्वेचं, पण पाटी माझी" असं ठरलं. नदीवरच्या पुलावर पाणवठ्यांची आठवण काढली. पात्र कोरडं ठणठणीत होतं. आई म्हणाली, आपली वाघूर उन्हाळ्यात अशीच दिसते.

ग्रँड कॅन्यनही छान झालं.

पाणवठा

वाघूर! अगदी बरोबर.

निवडुंग

ते काका कोण असतील याचा मला अंदाज आला. फोटो त्यांनाही पाठवा ताई, त्यांना फार आवडेल.

रूळवेडा

११८ वाचून अंगावर काटा आला. आप्पांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी ५८ क्रमांकाच्या रस्त्याने टेहाचपीला न्या. १८७६ मध्ये डोंगरात गोल वेटोळं करून रूळ स्वतःच्याच वरून नेलेत. लांब गाडी असली की पुढचं इंजिन आपल्याच मागच्या डब्यांवरून जाताना दिसतं.

तापीकाठ

वाचून दाखवलं. आप्पा विचारतायत, परतीचं विमान १४ तारखेला आहे, त्याआधीच्या रविवारी जमेल का?